रेटिनेक्स: डोळ्याला दिसतं ते फोटोत का येत नाही, आणि कसं आणता येतं

भर दुपारी अंगणात दोरीवर काळा शर्ट वाळत घातलाय आणि आत घरात टेबलावर एक पांढरा कागद पडलाय, एवढंच डोळ्यासमोर आणा. दुपारचं कडक ऊन म्हणजे साधारण 1,00,000 लक्स उजेड (लक्स हे उजेड मोजायचं एकक), आणि खिडकीपासून जरा लांब घरात 500 लक्स धरले तरी भरपूर झाले. काळं कापड त्याच्यावर पडलेल्या उजेडातला फार तर 5 टक्के परत फेकतं, पांढरा कागद 80 टक्के. करा गुणाकार: शर्टकडून 5000 आणि कागदाकडून 400. म्हणजे काळ्या शर्टकडून पांढऱ्या कागदापेक्षा बारापट जास्त उजेड डोळ्यात शिरतोय, आणि तरी दारात उभं राहून बघितलं तर शर्ट काळाच दिसतो नि कागद पांढराच. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही कारण जन्मापासून असंच दिसत आलंय.

आता तोच सीन मोबाइलवर एका क्लिकमध्ये काढा. अंगण नीट आलं तर घर काळंकुट्ट, घर नीट आलं तर दाराबाहेर सगळं पांढरंफटक. (आताचे फोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन-चार फोटो पटापट काढून जोडतात हे खरं, पण जोडल्यावर एवढी मोठी रेंज एका स्क्रीनवर दाखवायची कशी हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर पुन्हा इथेच येतं.) कॅमेऱ्याची यात चूक काहीच नाही, किती उजेड आला ते त्याने इमानदारीत मोजलं. डोळा मात्र ते काम करतच नाही. डोळा म्हणजे स्प्रिंगचा काटा नाहीये, दोन पारड्यांचा तराजू आहे. एका जागेचा उजेड शेजारच्या जागेशी लावून बघतो आणि त्या तुलनेवरून ठरवतो की वस्तू काळी का पांढरी, लाल का हिरवी. फोटो सुधारणाऱ्या अल्गोरिदमचं एक मोठं घराणं या एकाच गोष्टीवर उभं आहे, त्याचं नाव रेटिनेक्स, आणि मला वाटतं फोटोग्राफी किंवा इमेज प्रोसेसिंगमध्ये थोडाही रस असलेल्या माणसाने ते मुळापासून समजून घ्यावं, कारण मग बाकीचे निम्मे फिल्टर आपोआप कळतात.

रंगाचंही तसंच आहे बरं का. ट्यूबलाइटखाली, पिवळ्या बल्बखाली, झाडाच्या हिरवट सावलीत, सगळीकडे वहीचं पान पांढरंच वाटतं, मीटरने मोजलं तर तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे येतील. याला रंगस्थैर्य म्हणतात. हे कोडं जुनं आहे, 1789 साली पॅरिसमध्ये गास्पार मोंज या गणितज्ञाने लोकांना लाल काचेतून लाल कागद बघायला लावला होता. सगळ्यांची अपेक्षा की तो भडक लाल दिसेल, प्रत्यक्षात फिका, पांढुरका वाटला. काचेमुळे सगळंच लाल झालं की लाल कागद आणि पांढरी भिंत यांच्यातला फरकच पुसला जातो, आणि फरक नाही तर रंग नाही. पुढे 1902 मध्ये फॉन क्रीज याने नियम मांडला की डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमीजास्त करतात. आजच्या कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स मुळात हाच आहे, लाल-हिरव्या-निळ्या चॅनेलला प्रत्येकी एका आकड्याने गुणायचं, संपलं. पण अख्ख्या फोटोला एकच आकडा लावून अंगण आणि घर दोन्ही सुधारत नाहीत, दोन्हीकडचा उजेडच वेगळा आहे ना.

इथे एडविन लँड येतो. हा पोलरॉइडवाला, 1947 मध्ये ज्याने झटपट फोटो देणारा कॅमेरा जगाला दाखवला तोच. रंगीत झटपट फोटोच्या मागे लागला असताना त्याला रंग दिसतात कसे याचंच वेड लागलं. 1959 मध्ये त्याने जो प्रयोग छापला तो आजही ऐकून विश्वास बसत नाही. एकाच दृश्याचे दोन ब्लॅक अँड व्हाइट फोटो, एक लाल फिल्टरमधून काढलेला, एक हिरव्या. पडद्यावर दोन्ही एकमेकांवर प्रोजेक्ट केले, पहिला लाल उजेडाने, दुसरा साध्या पांढऱ्या उजेडाने. हिशोबाने पडद्यावर फक्त लाल, गुलाबी आणि पांढरं दिसायला पाहिजे, पण लोकांना हिरवं, पिवळट, तपकिरी, निळसर असे बरेच रंग दिसले! त्यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झाला, काहींनी म्हटलं हे सगळं आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींनी समजावता येतं, पण लँड थांबला नाही.

त्याचा पुढचा प्रयोग माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर. एका मोठ्या बोर्डवर वेगवेगळ्या रंगाच्या आणि आकाराच्या कागदांचे चौकोनी तुकडे चिकटवले, मोन्द्रियान या चित्रकाराच्या चित्रांची आठवण यावी असे, म्हणून त्या बोर्डला मोन्द्रियानच म्हणतात. त्यावर तीन प्रोजेक्टर, लांब, मधल्या आणि आखूड तरंगलांबीचे, म्हणजे ढोबळपणे लाल, हिरवा, निळा, आणि प्रत्येकाचा उजेड कमीजास्त करायची सोय. आधी पांढऱ्या तुकड्याकडून तिन्ही पट्ट्यांचा किती उजेड येतोय ते मीटरने मोजून घेतलं. मग मीटर हिरव्या तुकड्याकडे वळवला आणि तिन्ही प्रोजेक्टरचा उजेड असा कमीजास्त केला की आता हिरव्या तुकड्याकडून तंतोतंत तेच तीन आकडे येतील जे मघाशी पांढऱ्याकडून येत होते. मीटरच्या दृष्टीने तो तुकडा आता पांढरा. बघणाऱ्यांना विचारलं, तर हिरवाच. मग बाकीचा बोर्ड झाकून फक्त तो एक तुकडा अंधारात दाखवला तर मात्र हिरवेपणा जातो आणि तो पांढुरका दिसायला लागतो. शेजारी गेले की रंग गेला, कारण तुलनेला काही राहिलंच नाही.

यातून लँडने रेटिनेक्स सिद्धांत मांडला. ही प्रक्रिया डोळ्याच्या दृष्टिपटलात, म्हणजे रेटिनात, होते का मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये हे तेव्हा सांगता येत नव्हतं, म्हणून 1964 मध्ये दोन्हीचं मिळून नाव ठेवून टाकलं. 1971 मध्ये जॉन मॅककॅन आणि त्याने मिळून प्रत्यक्ष हिशोबाची पद्धत छापली, ती थोडी नीट बघू कारण सगळी गंमत तिच्यात आहे.

डोळ्यात येणारा उजेड म्हणजे पडलेला उजेड गुणिले वस्तूची परत फेकायची क्षमता. आपल्याला पाहिजे असते ती दुसरी गोष्ट, कारण वस्तूचा स्वतःचा रंग तोच. पण हातात येतो फक्त गुणाकार, आणि एका पिक्सेलचा आकडा बघून दोन्ही वेगळे काढणं अशक्य आहे, 12 म्हणजे 3 गुणिले 4 का 2 गुणिले 6 कुणी सांगावं. आता दोन जागा घ्या. चेहरा 40 टक्के उजेड परत फेकतो, मागची भिंत 60. उजेड 1000 असेल तर आकडे 400 आणि 600. उजेड 50 झाला तर 20 आणि 30. आकडे धडाधड पडले पण गुणोत्तर दोन्ही वेळी 2:3. शेजारशेजारच्या जागांवर उजेड जवळजवळ सारखाच असतो म्हणून भागाकार केला की उजेड कटून जातो आणि उरतं ते वस्तूंचं आपापसातलं नातं. लँड आणि मॅककॅन यांची युक्ती अशी की फोटोवर एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत वाट चालत जायची, प्रत्येक पावलाला शेजारच्या पिक्सेलशी गुणोत्तर काढायचं आणि गुणत जायचं. गुणोत्तर 1 च्या अगदी जवळ असेल तर ते धरायचंच नाही, कारण हळूहळू बदलणारी गोष्ट बहुतेक उजेड असते, खिडकीकडून कोपऱ्याकडे मंद होत जाणारा. झटकन बदलली तर ती वस्तूची कड. आणि वाटेत सगळ्यात उजळ जागा लागली की तिला पांढरं मानून मोजणी तिथून नव्याने सुरू. लाल, हिरवं, निळं तिन्ही चॅनेलवर हे वेगवेगळं करायचं.

यातला कच्चा दुवा तुमच्या लक्षात आला असेल. उन्हात पडलेली खांबाची सावली, तिची कड कशी धारदार असते! अल्गोरिदमला ती वस्तूची कड वाटते. हा घोळ आजपर्यंत पूर्ण सुटलेला नाही.

डोळा खरंच असं करतो का? तुलना करतो हे पक्कं आहे. हार्टलाइन याने नालखेकड्याच्या डोळ्यात दाखवलं की एका पेशीवर उजेड पडला की ती शेजारच्या पेशींचा आवाज दाबते, त्याला 1967 चं नोबेल मिळालं. 1953 मध्ये कुफ्लर याने मांजराच्या दृष्टिपटलात तसंच काहीसं पाहिलं, पेशी मधल्या ठिपक्याला एक उत्तर देते आणि भोवतालच्या कड्याला बरोब्बर उलटं. आणि हे व्हायलाच लागतं, कारण माणसाच्या एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी जवळजवळ 12 कोटींच्या वर आणि मेंदूकडे जाणाऱ्या तारा साधारण 10 ते 12 लाख, म्हणजे कच्चा डेटा पाठवायची सोयच नाही, फरक तेवढे कळवायचे. पुढे सेमिर झेकी याने माकडांच्या मेंदूतल्या व्ही4 नावाच्या भागात अशा पेशी शोधल्या ज्या मीटरच्या आकड्यांना नाही तर दिसणाऱ्या रंगाला प्रतिसाद देतात. पण लँडचा हिशोब तसाच्या तसा डोळ्यात चालतो असं मात्र नाही. 1986 मध्ये ब्रेनार्ड आणि वँडेल यांनी दाखवलं की शेजारचे तुकडे बदलले की रेटिनेक्सचं उत्तर जेवढं हलतं तेवढी माणसाची नजर हलत नाही. म्हणजे डोळ्याचा सिद्धांत म्हणून रेटिनेक्स अपुरा, फोटो सुधारायची कल्पना म्हणून जबरदस्त. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि बऱ्याच लेखांमध्ये पहिली सांगायची राहूनच जाते.

1986 मध्येच लँडने वाटा चालायचं काम सोडून देऊन सोपी आवृत्ती दिली, प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या भोवतालच्या सरासरीशी, जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. हीच कल्पना नासाच्या लँगली सेंटरमधल्या जॉब्सन, रहमान आणि वुडेल यांनी उचलली आणि 1997 मध्ये जे दोन पेपर छापले त्यांवर आजचे बहुतेक रेटिनेक्स प्रोग्राम उभे आहेत. करायचं काय तर फोटोची एक गॉसियन ब्लर केलेली, म्हणजे सारखी धूसर केलेली, कॉपी घ्यायची, ती झाली भोवतालची सरासरी, म्हणजे पडलेल्या उजेडाचा अंदाज. मग मूळ फोटोचा लॉग (लॉगॅरिदम) उणे ब्लरचा लॉग. लॉग का, तर लॉगमध्ये भागाकाराची वजाबाकी होते, आणि शिवाय आपल्याला जाणवणारा उजेडही ढोबळमानाने लॉगसारखाच वाढतो. पायथॉनमध्ये पाच-सहा ओळींचं काम आहे हे, ओपनसीव्ही ही फोटोवर काम करायची लायब्ररी असेल तर ब्लर आयता मिळतो.

ब्लर किती मोठा घ्यायचा हा खरा प्रश्न. छोटा घेतला तर सावलीतले बारकावे, केसांची बट, भिंतीचा पोत सगळं वर येतं पण फोटो खडूने काढल्यासारखा करडा होतो. मोठा घेतला तर रंग आणि एकूण उजेड-सावलीचा तोल टिकतो, पण सावलीतलं फारसं उघडत नाही. म्हणून त्यांनी तीन घेतले, 15, 80 आणि 250 पिक्सेल, आणि तिघांची सरासरी. आता एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय, हे तीन आकडे लोक अजूनही कोडमध्ये तसेच्या तसे चिकटवतात, पण त्या काळातले फोटो आजच्या मानाने अगदी लहान होते. 4000 पिक्सेल रुंद फोटोत 250 चा ब्लर म्हणजे मोठा राहतच नाही. फोटोच्या रुंदीप्रमाणे आकडे वाढवा, नाहीतर ‘रेटिनेक्स वापरलं पण फोटो मळकट झाला’ हे ठरलेलंच.

मळकट होण्याचं दुसरंही कारण आहे आणि ते कल्पनेच्या गाभ्यातलंच. एक सपाट मोठी भिंत घ्या, लाल रंगाची. मधला पिक्सेल लाल, भोवतालची सरासरीही तेवढीच लाल, भागिले केलं की 1, लॉग घेतला की शून्य, तिन्ही चॅनेलमध्ये. म्हणजे लाल भिंत करडी झाली! आकाश, हिरवं शेत, एकरंगी साडी, जिथे एकच रंग पसरलाय तिथे हे होतं. नासावाल्यांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी शेवटी रंग परत आणायची एक पायरी जोडली, मूळ पिक्सेलमध्ये लालचा वाटा किती, हिरव्याचा किती ते काढून त्याप्रमाणे उत्तराला गुणायचं. काम भागतं. पण जरा विचार केला तर आधी उजेडाचा रंग काढून टाकायचा आणि मग मूळ फोटोतूनच थोडा परत ओतायचा असं झालं ना हे, त्यामुळे रंगस्थैर्य थोडं ढिलं पडतं. ही तडजोड आहे, आणि मला ती मान्य आहे, फक्त ती तडजोड आहे हे माहीत असावं.

मग प्रभामंडळ. डोंगराची काळी कड आणि मागे उजळ आकाश, अशा फोटोत कडेजवळच्या आकाशाच्या भोवतालात अंधार मिसळतो, म्हणून ते आकाश उगाच जास्त उजळतं आणि डोंगराला पांढरी किनार लागते. लग्नाच्या किंवा ट्रेकच्या ओव्हर-एडिट केलेल्या फोटोंत डोक्याभोवती दिसणारं वलय त्याच जातीचं. त्यावर उपाय म्हणजे साध्या ब्लरऐवजी कड ओलांडून न मिसळणारा ब्लर, 1998 मधलं बायलॅटरल फिल्टर यासाठी खूप वापरतात. आणि नॉइज, तो तर असतोच: अंधारात पिक्सेलचा आकडा 3 का 4 हा निव्वळ सेन्सरचा थरथराट, पण गुणोत्तर बघितलं तर फरक 33 टक्के, अल्गोरिदम त्याला बारकावा समजून फुलवतो. जेपेगच्या चौकोनी ठोकळ्यांचंही तेच. म्हणून जमेल तेव्हा रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांवर, काम करायचं, आणि लक्षात ठेवा की साध्या फोटोतले आकडे गामा लावलेले असतात, उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे वरचं 2:3 चं गणित त्यांच्यावर तंतोतंत बसत नाही.

रेटिनेक्सचे भाऊबंदही आहेत. 2003 मध्ये मिलानच्या रिझ्झी आणि सहकाऱ्यांनी एसीई (ऑटोमॅटिक कलर इक्वलायझेशन) आणलं, त्यात प्रत्येक पिक्सेल बाकीच्या पिक्सेलशी लावून बघतात, अंतराप्रमाणे वजन देऊन, आणि त्यातून दोन जुन्या गृहीतकांचा मेळ साधतो: फोटोतली सगळ्यात उजळ जागा पांढरी असते, आणि सगळ्या रंगांची सरासरी करडी असते. दुसरं गृहीतक किती धोक्याचं आहे ते हळदीच्या कार्यक्रमाच्या फोटोवर करून बघा. पिवळ्या साड्या, पिवळी फुलं, चेहऱ्याला हळद. अल्गोरिदम म्हणतो सरासरी पिवळी आली म्हणजे दिवा पिवळा असणार, आणि निळा वाढवून सगळं दुरुस्त करून टाकतो, हळद फिकी आणि माणसं आजारी दिसायला लागतात. बघणाऱ्या माणसाचं असं होत नाही, कारण मेंदू शेजाऱ्यांखेरीज इतर खुणाही वापरतो, दागिन्यावरची चकाकी, डोळ्यातलं पांढरं, ओळखीच्या वस्तूंचे रंग.

आता न्यूरल नेटवर्कही याच वाटेने गेलेत आणि त्यातली एक कल्पना मला फार आवडली. 2018 च्या रेटिनेक्स-नेटमध्ये नेटवर्कला एकाच दृश्याचे दोन फोटो दाखवतात, एक अंधारा, एक नीट उजेडातला, अशा 500 जोड्यांचा डेटासेटच त्यांनी बनवला. नेटवर्कने प्रत्येक फोटोचे दोन भाग करायचे, उजेड आणि वस्तू. वस्तूचा रंग कुणी सांगितलेला नसतो, अट फक्त एक, दोन्ही फोटोंतून निघालेला वस्तूचा भाग सारखा आला पाहिजे, कारण वस्तू तर बदललेली नाही. गुणाकारातून दोन आकडे वेगळे काढता येत नाहीत हे वर म्हटलं, इथे दुसरा गुणाकार हाताशी आला म्हणून वाट निघाली.

पण एवढं सगळं असलं तरी प्रत्येक फोटोतला उजेड हटवायचाच असतो असं नाही. संध्याकाळचा सोनेरी प्रकाश, समईच्या ज्योतीने उजळलेला एकच गाल, इथे उजेड हाच विषय असतो, तो काढला तर फोटो काढला कशाला. आणि रंग मोजायचा असेल तिथे हे अजिबात लावू नका. रेटिनेक्सनंतर पिक्सेलचा आकडा त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो, तो त्या वस्तूचा राहत नाही. भाताच्या पानाचा हिरवेपणा रंगपट्टीशी जुळवून नत्र किती द्यायचं ते ठरवतात, तसं काही फोटोवरून करायचं असेल तर पट्टी आणि पान एकाच उजेडात, एकाच फोटोत, जवळजवळ ठेवून काढा आणि फोटोला हात लावू नका. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवतानाही तसंच.

स्वतः करून बघायचं असेल तर जिंप हा फोटो एडिटर फुकट आहे, त्यात रंगांच्या मेनूखाली टोन मॅपिंगमध्ये रेटिनेक्स आहे. खिडकीसमोर उभ्या माणसाचा, चेहरा अंधारात गेलेला एक फोटो घ्या. स्केल म्हणजे सगळ्यात मोठ्या ब्लरचा आकार, स्केल डिव्हिजन म्हणजे किती ब्लर घ्यायचे, आणि डायनॅमिक म्हणजे शेवटी आकडे किती ताणायचे, तो जरा वाढवला की रंगांचा भडकपणा आणि नॉइज दोन्ही खाली येतात. लावायच्या आधी लेयरची कॉपी करा, फिल्टर वरच्या लेयरवर चालवा आणि मग त्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 40-50 टक्क्यांवर आणा. चेहरा उघडतो, खिडकीतून उजेड येतोय हेही दिसत राहतं. खिडकीच्या चौकटीला पांढरी किनार दिसली तर ओपॅसिटी आणखी कमी करा, किंवा मास्क लावून फिल्टर फक्त चेहऱ्यापुरता ठेवा.